शोध घेतला, की शोध लावला?

२४ जुलै १५३४. आजच्या कॅनडाच्या पूर्वेला गास्पेचा उपसागर आहे. तिथल्या किनाऱ्यावर फ्रेंच खलाशांनी तीस फूट उंच लाकडी क्रूस उभारला. आडव्या लाकडाखाली तीन लिलींची, म्हणजे फ्रेंच राजचिन्हाची, ढाल बसवली, आणि वर फळीवर ठळक अक्षरांत कोरलं, 'फ्रान्सचा राजा चिरायु होवो'. सगळ्यांनी गुडघे टेकले, हात जोडले, आणि विधी आटोपून माणसं जहाजावर परतली.

थोड्या वेळाने एक होडी आली. रोज यायची तेवढी जवळ मात्र आली नाही. होडीत अस्वलाचं जुनं काळं कातडं पांघरलेला त्या लोकांचा प्रमुख होता, सोबत तीन मुलगे आणि एक भाऊ. प्रमुखाने होडीतूनच लांबलचक भाषण केलं. एकमेकांची भाषा कुणालाच येत नव्हती. मग त्याने दोन बोटांचा क्रूस करून दाखवला आणि सभोवतालच्या सगळ्या जमिनीकडे हात फिरवला. ही जमीन माझी आहे, मला न विचारता हे लाकूड इथे रोवायला नको होतं, असं त्याचं म्हणणं होतं. हा अर्थ मी लावलेला नाही. या मोहिमेचा म्होरक्या जाक कार्तिए, त्याच्या नावावर असलेल्या सफरीच्या वृत्तांतातच तो तसा दिला आहे.

पुढे काय झालं तेही तिथेच लिहिलं आहे. फ्रेंचांनी एक कुऱ्हाड उंचावून दाखवली, कातड्याच्या बदल्यात ही देतो अशी खूण केली. म्हातारा त्या आशेने जवळ सरकला. एका खलाशाने होडी धरून ठेवली, दोघे-तिघे तिच्यात उतरले, आणि सगळ्यांना जहाजावर चढवण्यात आलं. मग खाणंपिणं, हसणंखिदळणं. आणि खुणांनी खुलासा, की क्रूस म्हणजे बंदर ओळखायची एक निशाणी आहे, बाकी काही नाही. शेवटी दोन मुलांना अंगात सदरे, डोक्यावर लाल टोप्या, गळ्यात पितळी साखळ्या घालून ठेवून घेतलं. परत आणून सोडू, असं सांगितलं.

त्या क्रूसाबद्दल कार्तिए खोटं बोलला. माझ्या सगळ्या म्हणण्याचा आधार ते खोटं आहे, म्हणून ते लक्षात असू द्या.

आपण शाळेत घोकलं, अमेरिकेचा शोध कोलंबसने लावला, भारताचा वास्को द गामाने. कॅनडा आपल्या अभ्यासक्रमात फारसा येत नाही, नाहीतर तिसरी ओळ कार्तिएची असती. इथे मराठीने आपल्यासाठी एक सोय करून ठेवली आहे आणि आपण ती वापरत नाही. आपल्याकडे शोध घेतात आणि शोध लावतात, आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हरवलेल्या माणसाचा शोध घेतला जातो, तो लागतो किंवा लागत नाही. शोध लावतात तो नसलेल्या किंवा कुणालाच ठाऊक नसलेल्या गोष्टीचा. कार्तिएने चीनकडे जायच्या वाटेचा आणि सोन्याचा शोध घेतला. दोन्हींपैकी काहीही त्याला सापडलं नाही. लावला म्हणावं असं त्याच्या खात्यात काय आहे, ते बघू.

तो फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या सेंट-मालोचा दर्यावर्दी. २० एप्रिल १५३४ ला दोन जहाजं आणि ६१ माणसं घेऊन निघाला आणि वीस दिवसांत आजच्या कॅनडाच्या पूर्वेकडच्या न्यूफाउंडलँड बेटाला पोचला. वीस दिवस! अज्ञातात शिरणारा माणूस इतक्या तडफेने जात नाही. वाट मळलेलीच होती. ब्रिटनीचे, नॉर्मंडीचे, बास्क प्रांतातले कोळी त्या पाण्यात कॉड माशासाठी कधीचे येत होते. जून महिन्यात लॅब्राडोरच्या किनाऱ्याने जाताना कार्तिएला एक मोठं जहाज दिसलं. ते ला रोशेलचं निघालं, फ्रान्सचंच! वाट चुकलं होतं, आणि ती यांनीच त्याला दाखवली. 'शोध' लावायला निघालेल्याला दोन महिन्यांच्या आत गाववाला भेटावा, हा विनोद इतिहासाने पूर्वीही केला होता. १४९८ मध्ये कालिकतला द गामाने किनाऱ्यावर पाठवलेल्या पहिल्या माणसाला ट्युनिसचे दोन व्यापारी भेटले आणि त्यांनी स्पॅनिशमध्ये विचारलं, सैतान घेऊन जावो तुला, इथे कशाला तडमडलास? मालिंदीहून कालिकतपर्यंतची वाटही त्याला तिकडच्याच वाटाड्याने दाखवली होती. गोव्यात आपण 'वास्कोला जाऊन येतो' म्हणतो तेव्हा यातलं काही मनात येत नाही, आणि रोजच्या बोलण्यात यावं असा माझा हट्टही नाही.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात शालेर उपसागरात तिथल्या मूळनिवासी मिकमाक लोकांच्या चाळीस-पन्नास होड्या दिसल्या. किनाऱ्यावरचे लोक काठ्यांच्या टोकांना फर अडकवून हलवत होते, या, उतरा, म्हणून बोलावत होते. फ्रेंच घाबरले, आणि त्यांनी होड्यांतल्या लोकांच्या डोक्यांवरून छोट्या तोफा डागल्या. दुसऱ्या दिवशी लोक पुन्हा आले आणि सौदा झाला. सुऱ्या, लोखंडी वस्तू, प्रमुखासाठी एक लाल टोपी. लोकांनी अंगावरची कातडीसुद्धा विकून टाकली. आता, परके जहाज दिसताच फर काठीला लावून नाचवायचं हे कुणाला सुचेल? ज्याने आधी असं गिऱ्हाईक पाहिलं आहे त्याला. त्या किनाऱ्यावर बाजार भरत होता. त्या बाजारात नवखा होता तो कार्तिए.

वृत्तांत असा उलट्या बाजूने वाचायला लागलं की त्यातली माणसं हलू-बोलू लागतात. आपल्या इतिहासलेखनात बखरी अशाच वाचायच्या असतात. लिहिणाऱ्याने काय मिरवलं ते सोडून, लिहिताना त्याच्याकडून काय निसटलं ते वेचायचं.

गास्पेला उचललेली दोन मुलं म्हणजे डोमागाया आणि तेन्योआन्यी. त्यांचा बाप डोनाकोना हा स्टाडाकोनाचा प्रमुख. स्टाडाकोना म्हणजे आज क्वेबेक शहर आहे तिथली वस्ती. हे लोक गास्पेला उन्हाळी मासेमारीसाठी उतरले होते. मुलं फ्रान्सला गेली, थोडं फ्रेंच शिकली, आणि १५३५ मध्ये कार्तिए तीन जहाजं आणि सुमारे ११० माणसं घेऊन परत निघाला तेव्हा तीच मुलं त्याची वाटाडी होती. सेंट लॉरेन्स नदीचं मुख त्यांनी दाखवलं. ही कानाटाला जायची वाट, असं त्यांनी सांगितलं. त्यांच्या भाषेत कानाटा म्हणजे गाव, वस्ती. एका प्रचंड देशाचं नाव अशा रीतीने, पळवून नेलेल्या दोन पोरांच्या 'आमच्या गावाकडे' या साध्या शब्दातून आलं. नदीचा 'शोध' म्हणतात तो हा. घरी परतणारी मुलं जहाजाला रस्ता सांगत होती.

डोनाकोनाला मुलं परत मिळाली, पण कार्तिएने आणखी वर, होशेलागाला (आजचं मॉन्ट्रियल) जाऊ नये असं त्याला वाटत होतं. यात भाबडेपणा नव्हता, राजकारण होतं. या परक्यांचा माल आपल्या हातून पुढे गेला तर आपलं वजन वाढणार, थेट गेला तर आपल्याला कोण विचारतो? त्याने भेटी दिल्या, विनवलं, आणि शेवटी एक नाटक रचलं. तोंडाला काळं फासून, डोक्याला शिंगं लावून तीन 'भुतं' होडीतून आली. मग मुलांनी येऊन सांगितलं, आमच्या देवाने होशेलागात कौल दिला आहे, की तिकडे इतका बर्फ पडेल की तुम्ही सगळे मराल. फ्रेंच हसले. तुमचा देव मूर्ख आहे, म्हणाले. आणि गेले.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला होशेलागाला हजारावर माणसं त्यांच्या स्वागताला जमली. मक्याची शेतं, लाकडी तटबंदी, तटाच्या आत पन्नासेक लांब घरं. मागच्या डोंगराला कार्तिएने 'माँ रोआयाल' (राजडोंगर) असं राजेशाही नाव दिलं, तेच पुढे शहराला चिकटलं. वरून खळाळते धबधबे दिसले. जहाज पुढे जाणार नव्हतं आणि चीनही तिथे नव्हता.

मग हिवाळा आला. शिंगवाल्या भुतांनी सांगितलं होतं तसाच.

नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत जहाजं बर्फात चिणली गेली. खारवलेल्या अन्नावर दिवस काढणाऱ्या खलाशांना स्कर्व्ही, म्हणजे 'क' जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग, लागला. पाय सुजून काळे पडले, हिरड्या कुजल्या, दात गळू लागले. फेब्रुवारीच्या मध्यात ११० पैकी दहा जणही धड नव्हते. एकूण पंचवीस मेले. स्टाडाकोनाच्या लोकांना आपली ही अवस्था कळली तर काय, या धास्तीने कार्तिए आजारी माणसांना जहाजाच्या आत ठोकाठोक करायला लावायचा, म्हणजे बाहेरच्यांना वाटावं, आत जोरात काम चाललं आहे.

अशात एके दिवशी त्याला डोमागाया दिसला. दहा-बारा दिवसांपूर्वी याच डोमागायाचा गुडघा लहान मुलाच्या डोक्याएवढा सुजला होता, आणि आता तो ठणठणीत चालत होता. कार्तिएने विचारलं, कशाने बरा झालास? माझ्या एका नोकराला हाच आजार झालाय, त्याला देईन म्हणतो. एका नोकराला! डोमागायाने दोन बायकांना त्याच्याबरोबर पाठवलं. त्यांनी एका झाडाच्या नऊ-दहा फांद्या तोडून आणल्या आणि कृती दाखवली. साल आणि पानं उकळायची, काढा एक दिवसाआड प्यायचा, खालचा चोथा सुजलेल्या पायांवर बांधायचा. झाडाचं नाव अनेड्डा. आधी कुणी तोंड लावेना. एक-दोघांनी धीर करून घेतला, त्यांना लगेच उतार पडला, आणि मग अशी झुंबड उडाली की आठवड्याभरात एक अख्खं मोठं झाड फस्त झालं. लूव्हाँ आणि माँपेलिएचे सगळे वैद्य अलेक्झांड्रियाची सगळी औषधं घेऊन आले असते तरी वर्षभरात त्यांना हे जमलं नसतं, अशा अर्थाचं तिथे लिहिलं आहे. ते झाड नेमकं कोणतं, पांढरा सिडार की आणखी काही, यावर वनस्पतिशास्त्रज्ञ अजून वाद घालतात.

मी त्या दोन बायकांपाशी अडखळतो. आपल्याकडे घरातली एखादी आजी परसातून पाला आणून देते, किती चिमूट, किती वेळ उकळायचं ते सांगते, आणि नाव होतं ते वैद्याचं. इथे तर तेही झालं नाही. ११० माणसांच्या मोहिमेतले जे उरले ते या काढ्यामुळे उरले. युरोपात जेम्स लिंड या ब्रिटिश आरमारी डॉक्टरने स्कर्व्हीवर संत्री-लिंबांचा प्रयोग केला तो १७४७ मध्ये, आणि ब्रिटिश आरमाराने लिंबाचा रस सक्तीने द्यायला सुरुवात केली १७९५ च्या सुमाराला. मधल्या अडीच शतकांत समुद्रावर स्कर्व्हीने माणसं मरतच राहिली. उपाय कागदावर उतरलेला होता. पण तो ज्यांच्याकडून आला त्यांच्याकडे ज्ञान म्हणून काही असू शकतं, हे कुणी धरलंच नाही. 'शोध' या शब्दाचा हा खरा तोटा. तो नुसता मान चुकीच्या माणसाला देत नाही, माहितीही वाया घालवतो.

या उपकाराची फेड काही आठवड्यांत झाली. ३ मे १५३६ ला फ्रेंचांनी आणखी एक क्रूस उभारला, या वेळी पस्तीस फुटी. आणि त्याच दिवशी डोनाकोना, डोमागाया, तेन्योआन्यी आणि आणखी काहींना धरलं. तिथल्या प्रमुखांनी आधी भेट म्हणून दिलेली मुलं धरून एकूण दहा माणसं फ्रान्सला गेली. डोनाकोना सॅग्वेने नावाच्या राज्याच्या, तिथल्या सोन्यामाणकांच्या गोष्टी सांगायचा, त्या फ्रान्सच्या राजाने त्याच्याच तोंडून ऐकाव्यात हा हेतू. रात्रभर लोक नदीकाठी ओरडत राहिले. दहा-बारा महिन्यांत परत आणतो, असं कार्तिएने त्यांना सांगितलं.

तो परतला पाच वर्षांनी, १५४१ मध्ये. तोवर दहापैकी एक लहान मुलगी सोडून सगळे मेले होते. स्टाडाकोनाचा नवा प्रमुख आगोना याला कार्तिएने सांगितलं, डोनाकोना वारला, बाकीच्यांनी मात्र तिकडे लग्नं केली, मोठे सरदार होऊन राहिलेत, त्यांनाच परत यायचं नाही.

क्रूस ही निशाणी आहे. औषध एका नोकराला हवंय. तुमची माणसं मजेत आहेत. एका माणसाची ही तीन खोटी. आता कार्तिएच्या बाजूने नेहमी येणारा युक्तिवाद घेऊ, की त्या काळची माणसं त्या काळच्या मापाने मोजा, आजची नीतिमत्ता सोळाव्या शतकावर लादू नका. हा युक्तिवाद मला उडवून लावायचा नाही. इतिहास शिकणाऱ्याने तो ऐकलाच पाहिजे. आणि दर्यावर्दी म्हणून कार्तिए पट्टीचा होता हेही खरं. तीन सफरींत त्याने आपलं एकही जहाज बुडू दिलं नाही, नदीच्या मुखाचे त्याचे तपशील पुढच्यांना उपयोगी पडले. पण माप त्याचंच घ्यायचं ना? घेऊ. ज्याला समोरची जमीन बेवारशी वाटते, त्याला क्रूसाचा अर्थ लपवायची गरज पडत नाही. समोरच्याचा हक्क मनात मान्य असतो, म्हणून खोटं बोलावं लागतं. आपल्या माणसांची काळजी त्यांच्या आप्तांना वाटते हे ठाऊक असतं, म्हणूनच 'लग्नं केली' असं रचावं लागतं. कार्तिएला कळत नव्हतं असं म्हणणं म्हणजे त्याला त्याच्याहून मठ्ठ ठरवणं आहे.

त्याच्या काळातही हे बोललं जात होतं. १५३७ मध्ये पोप तिसऱ्या पॉलने जाहीर केलं, की या लोकांचं स्वातंत्र्य आणि मालमत्ता हिरावता येणार नाही, ते ख्रिस्ती नसले तरीही. १५३९ च्या सुमाराला स्पेनमधल्या सालामांकाच्या विद्यापीठात फ्रान्सिस्को द व्हितोरिया हा धर्मपंडित व्याख्यानांतून सांगत होता, की शोधामुळे आपल्याला त्यांच्या जमिनीवर हक्क मिळत असेल, तर त्यांनी आपल्याला शोधलं असतं तर त्यांनाही आपल्यावर मिळाला असता. यापेक्षा सोपं आणि मर्मी उत्तर मला सुचत नाही. खुद्द फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस, स्पेन आणि पोर्तुगालने पोपच्या आशीर्वादाने जग वाटून घेतलं होतं त्यावर चिडून म्हणाला होता, अशी गोष्ट सांगतात, की आदमच्या मृत्युपत्रातलं मला वगळणारं कलम दाखवा. प्रश्न बिनतोड होता. फक्त डोनाकोनाने होडीतून तोच विचारला तेव्हा कुऱ्हाड पुढे केली गेली.

हे सगळं चारशे-पाचशे वर्षांपूर्वीचं, आता कशाला उकरायचं? कारण तो क्रूस कायद्यात अजून उभा आहे. १८२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की शोधामुळे जमिनीची अंतिम मालकी शोध लावणाऱ्या युरोपीय सत्तेकडे जाते, मूळच्या लोकांकडे उरते ती वहिवाट. सातबारावर नाव कुणाचं आणि कसणारा कोण, हा वाद ज्यांनी घरात पाहिलाय त्यांना या वाक्याची धार वेगळी समजावून सांगायला नको. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये म्हटलं, की जमीन बेवारशी होती हा सिद्धांत कॅनडाला कधी लागूच नव्हता. पण त्याच निकालात राजसत्तेची मूळ मालकी कायम ठेवली. २०२२ च्या जुलैत पोप फ्रान्सिस क्वेबेकजवळ प्रार्थनेला उभे असताना, समोर दोन बायकांनी हा 'शोधाचा सिद्धांत' मागे घ्या असा फलक धरला. ३० मार्च २०२३ ला व्हॅटिकनने तो सिद्धांत नाकारला. नाकारणं हे बोलणं झालं. जमिनीची कागदपत्रं होती तिथेच आहेत.

मग करायचं काय? पुतळे पाडा, पुलांची नावं बदला? माझं मत विचाराल तर तो सगळ्यात सोपा आणि सगळ्यात कमी कामाचा उपाय आहे. मॉन्ट्रियलच्या जाक कार्तिए पुलाला हे नाव १९३४ मध्ये, त्या पहिल्या क्रूसाच्या चारशेव्या वर्षी दिलं. ते राहिलं काय किंवा गेलं काय, सकाळची वाहतूक तेवढीच तुंबेल. ऑटावात आणखी एका फ्रेंच संशोधकाचा, सॅम्युएल द शाम्प्लेनचा १९१५ चा पुतळा आहे. हातात सूर्य-ताऱ्यांची उंची मोजायचं यंत्र, तेही उलटं धरलेलं. त्याच्या पायाशी काही वर्षांनी गुडघ्यावर बसलेला एक आदिवासी वाटाड्या बसवला. नव्वदच्या दशकात मूळनिवासी संघटनांनी आक्षेप घेतला, आणि १९९९ मध्ये वाटाड्याला उचलून जवळच्या बागेत ठेवलं. अपमान दूर झाला हे खरं. पण चौथऱ्यावर मग शाम्प्लेन एकटाच उरला, जणू तो स्वतःच वाट काढत आला होता. वाटाड्याला हलवण्याऐवजी उभा करून बरोबरीने ठेवला असता तर मला जास्त पटलं असतं.

पुतळ्याआधी वाक्यं बदलायला हवीत. 'कार्तिएने सेंट लॉरेन्स नदीचा शोध लावला' हे वाक्य चुकीचं आहे. भावना दुखावतात म्हणून नाही, त्यातली माहिती खोटी आहे म्हणून. 'डोमागाया आणि तेन्योआन्यी यांनी कार्तिएला सेंट लॉरेन्स नदीतून आपल्या गावी नेलं' हे बरोबर आहे. इयत्ता पाचवीच्या मुलालाही कळेल, आणि परीक्षेत दोन नावं जास्त लिहावी लागतील, एवढीच काय ती तोशीस. हल्ली कॅनडात शाळांत, सभांत सुरुवातीला 'ही भूमी अमुक लोकांची' असं म्हणायची पद्धत आहे, तिकडच्या मराठी मंडळींना ती ओळखीची असेल. आपल्याकडच्या मंगलाचरणासारखं ते आता तोंडपाठ झालं आहे, कान देऊन कुणी ऐकत नाही. त्याजागी एक घटना, एक नाव सांगितलं तर मान वर होईल.

एक अडचण उरतेच. शाम्प्लेनने १६०८ मध्ये क्वेबेक वसवलं तेव्हा स्टाडाकोना आणि होशेलागा दोन्ही नाहीशी झालेली होती. लढाया, साथी, थंडीची वाईट वर्षं, कारणांवर एकमत नाही. क्वेबेकजवळचे वेंडाट आणि मॉन्ट्रियलजवळचे मोहॉक, हे आजचे दोन मूळनिवासी समाज, दोघेही त्या लोकांशी आपलं नातं सांगतात. त्यामुळे माफी मागायची तर कुणाची, हा प्रश्नही सरळ नाही.

आणि ती एक मुलगी. तिसऱ्या सफरीचा फ्रेंच मूळ मजकूर हरवला, १६०० मध्ये छापलेलं इंग्रजी भाषांतर तेवढं राहिलं. त्यात तिचा उल्लेख आहे, दहाएक वर्षांची, दहांपैकी जिवंत राहिलेली एकटीच. तिचं नाव त्यात नाही, आणि कार्तिए १५४१ ला जी पाच जहाजं घेऊन निघाला त्यांपैकी एकावरही तिला बसवलेलं नव्हतं.